शालेय नाटक : कोणत्या वयाला कोणते?

उर्दू माध्यमाच्या शाळांत दरवर्षी हिवाळ्यात सालाना जलसा भरतो. मराठी शाळांत त्यालाच स्नेहसंमेलन किंवा गॅदरिंग म्हणतात. हम्द, नात, स्वागतगीत, पाहुण्यांची भाषणे, बक्षीस वाटप आणि अखेरीस एक ड्रामा, असा त्याचा ठरलेला क्रम असतो. ड्रामाचा विषयही बहुधा ठरलेलाच. हुंडा, व्यसन, मोबाइलचा नाद, तालीम का महत्त्व. दुसरीतले मूल असो की दहावीतले, त्याच्या हाती एक कागद येतो. त्यावर लिहिलेली चार-सहा वाक्ये पाठ करायची, माइकसमोर येऊन मोठ्याने म्हणायची आणि मागे सरकायचे. शेवटी सगळी पात्रे एका ओळीत उभी राहतात आणि त्यातला एक मोठ्या आवाजाचा मुलगा पुढे येऊन जमलेल्या लोकांना नसीहत करतो. टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवसापासून वर्ग पूर्ववत सुरू होतात आणि नाटक वर्षभरासाठी पेटीत जाते.

या नाटकांच्या हेतूविषयी आमची तक्रार नाही. हुंडा वाईट आहे आणि शिक्षण चांगले आहे, हे सांगायलाच हवे. आमचा प्रश्न वेगळा आहे. सात वर्षांच्या मुलाला आणि पंधरा वर्षांच्या मुलीला आपण नाटक म्हणून एकच गोष्ट का देतो? गणितात आपण असे करत नाही. पहिलीला बेरीज आणि नववीला बीजगणित, हे कुणी सांगावे लागत नाही. नाटकाच्या बाबतीत मात्र वयाचा विचार होत नाही, कारण नाटक मुलाने करायचे असले तरी ते पालकांना आणि पाहुण्यांना दाखवण्यासाठी असते. ज्याला दाखवायचे त्याचा विचार होतो आणि जो करतो त्याचा राहून जातो.

या लेखात आम्ही चार संहितांचा विचार करणार आहोत. प्रेमचंदांची 'ईदगाह', डॉ. झाकिर हुसेन यांची 'अब्बू खाँ की बकरी', रवींद्रनाथांचे 'डाकघर' आणि हबीब तन्वीर यांचे 'आग्रा बाजार'. पहिल्या दोन कथा आहेत, पुढची दोन नाटके. चारही आपल्या शिक्षकांना परिचयाच्या आहेत. त्या कोणत्या वयाच्या मुलाला काय देतात आणि शाळेच्या मंचावर येताना त्यांचे काय होते, एवढेच पाहायचे आहे.

ईदगाह : चिमटा आणि खेळणी

1933 साली प्रसिद्ध झालेली ही कथा उर्दू शाळांत नाट्यरूपाने वारंवार होते. हामिदकडे तीन पैसे आहेत, महमूदकडे बारा, मोहसिनकडे पंधरा. बाकीची मुले खेळणी आणि मिठाई घेतात. हामिद दादी अमीनासाठी चिमटा घेतो, कारण तव्यावरून रोटी काढताना तिची बोटे भाजतात.

मंचावर या कथेचे नेहमी एकच होते. हामिदची भूमिका सातवीतल्या, पाठांतराला पक्क्या मुलाला मिळते. मेळ्याचा भाग दोन मिनिटांत उरकला जातो आणि सारा भर शेवटच्या प्रसंगावर येतो. अमीना रडते, हामिद त्यागावर बोलतो, निवेदक मुलांना 'तुम्हीही हामिदसारखे व्हा' असे सांगतो. पण कथेतला हामिद चार-पाच वर्षांचा आहे. तो त्यागावर बोलत नाही. दादीच्या डोळ्यांत पाणी का आले हे त्याला कळत नाही, असेच प्रेमचंद शेवटी सुचवतात. जे पात्राला कळलेले नाही त्यावरच आपण त्याला भाषण करायला लावतो!

या कथेतले खरे नाट्य दोन ठिकाणी आहे आणि दोन्ही मुलांच्या खेळात आहे. पहिले ठिकाण म्हणजे दुकानदाराशी झालेला सौदा. सहा पैशांवरून पाचावर आणि पाचावरून तिनावर. दुसरे म्हणजे परतीच्या वाटेवरचा वाद. मोहसिनचा भिश्ती, महमूदचा सिपाही, नूरेचा वकील हे सारे एकीकडे आणि हामिदचा चिमटा दुसरीकडे. मुले खेळण्यांच्या वतीने बोलतात, भांडतात, हरतात. हे तर आयते नाटकच आहे आणि ते पात्रांच्याच वयाचे आहे. शिवाय हामिद काही फरिश्ता नाही. मोहसिन रेवडी दाखवून त्याला फसवतो, तेव्हा तो खट्टू होतो. वादात जिंकण्यासाठी वाटेल ते बोलतो. शाळेच्या प्रयोगात हा खट्याळ, चिडका, हुशार हामिद गाळला जातो आणि एक शहाणा पुतळा उरतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की, पहिली ते तिसरीच्या मुलांना 'ईदगाह'ची संहिता देऊच नये. गोष्ट सांगावी. मग वर्गातली बाके भिंतीला सरकवून मुलांना गोलात बसवावे आणि प्रत्येकाला एक खेळणे व्हायला सांगावे. कुणी वकील होईल, कुणी धोबीण, कुणी आज रिक्षा किंवा जेसीबी होईल. होऊ द्यावे. प्रत्येकाने आपण चिमट्यापेक्षा चांगले कसे, ते सांगायचे. चिमटा कुणी व्हायचे ते मुलेच ठरवतील. पाठांतर नाही, माइक नाही, प्रेक्षकही नाहीत. इंग्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ पीटर स्लेड यांनी 1954 साली 'चाइल्ड ड्रामा' या पुस्तकात हेच आग्रहाने मांडले होते. लहान मूल नाटक करते ते आपल्या खेळात, सभोवार पसरून. त्याला उंच मंचावर एका दिशेला तोंड करून उभे केले की त्याचा खेळ थांबतो आणि त्याच्यात दाखवण्याची सवय शिरते. आपल्या मोहल्ल्यात घर-घर, दुकान-दुकान खेळणारी मुले पाहिली तर हे म्हणणे पटायला पुस्तकाचीही गरज नाही.

अब्बू खाँ की बकरी : कोण जिंकले?

चौथी ते सातवीचे मूल वेगळे असते. त्याला गोष्टीत 'पुढे काय' याबरोबर 'असे का' हाही प्रश्न पडू लागतो. त्याला न्याय-अन्यायाची जाण तीव्र असते. या वयासाठी झाकिर साहेबांच्या कथेइतकी नेमकी कथा आमच्या वाचनात दुसरी नाही.

अल्मोड्याचे अब्बू खाँ एकटे राहतात. त्यांना बकऱ्यांचा लळा, पण बकऱ्या दोर तोडून डोंगरावर पळतात आणि लांडग्याच्या तोंडी जातात. शेवटी ते चाँदनी नावाची देखणी बकरी आणतात, तिचे लाड करतात. तरीही तिला डोंगर हवा असतो. ती पळते, दिवसभर मोकळी हिंडते आणि रात्री लांडग्याशी पहाटेपर्यंत झुंजून मरते. आल्फोंस दोदे या फ्रेंच लेखकाच्या गोष्टीशी या कथेचे नाते उघड आहे. पण झाकिर साहेबांनी शेवट स्वतःचा केला. झाडावर बसलेली पाखरे वाद घालतात की कोण जिंकले. बहुतेक म्हणतात लांडगा. एक म्हातारे पाखरू म्हणते, चाँदनी.

1937 साली वर्ध्यात ठरलेल्या बुनियादी तालमीच्या योजनेचा आराखडा ज्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केला, त्या शिक्षकाने लिहिलेला हा शेवट आहे. तो निकाल सांगत नाही, वाद सांगतो. आमच्या मते शालेय नाटकाने नेमके हेच शिकायला हवे. नसीहत जिथे येते तिथे या कथेत पाखरांची चर्चा येते.

प्रत्यक्षात ही कथा बसवली जाते ती बहुधा यौम-ए-आजादीच्या कार्यक्रमात. चाँदनी म्हणजे देश, दोर म्हणजे गुलामी, असे सोपे समीकरण होते आणि ओघाने अब्बू खाँ खलनायक ठरतात. हे वाचन आम्हांला मान्य नाही. अब्बू खाँ दुष्ट नाहीत. ते प्रेमळ आहेत, एकटे आहेत आणि लांडगा खरोखरच आहे. त्यांची भीती खोटी नाही. प्रेम करणारा माणूसच दोर बांधतो, हा या कथेचा अवघड भाग आहे आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांना तो चांगला समजतो. त्याच वयात मुलींना 'आता बाहेर खेळायला जाऊ नकोस' असे घरी सांगितले जाऊ लागते. सांगणारी अम्मी शत्रू नसते, हे मुलीला ठाऊक असते. हा गुंता भाषणात मांडता येत नाही. एका मुलीने अब्बू खाँ व्हावे, दुसरीने चाँदनी, आणि दोघींनी आपापली बाजू स्वतःच्या शब्दांत मांडावी. दुसऱ्या दिवशी भूमिका बदलाव्यात. मग वर्ग पाखरांचा व्हावा आणि कोण जिंकले ते ठरवावे. शिक्षकाने आपले मत सांगू नये. मुले विचारतील, तरी सांगू नये.

या वयात संवाद मुलांनीच तयार करावेत, असा आमचा आग्रह आहे. बी.एड. करताना 'नाट्यीकरण पद्धती' सर्वांनी वाचलेली असते, एखाद्या पाठ टाचणात ती लिहिलेलीही असते. पण पाठ्यपुस्तकातल्या नाटिकेखाली 'किसने किससे कहा' हा प्रश्न आला की वर्ग तिथेच अडकतो. कोण म्हणाले एवढे कळते, का म्हणाले ते राहते. मुलाने स्वतः वाक्य रचले तर 'का' त्याला टाळता येत नाही.

डाकघर : गप्प बसण्याचे नाटक

आठवीनंतर मूल दुसऱ्याने लिहिलेली संहिता हाती घेण्याइतके मोठे होते. लेखकाचे शब्द आपल्या तोंडात घेऊन ते आपले करणे, हे या वयाचे काम. रवींद्रनाथांचे 'डाकघर' (1912) त्यासाठी योग्य आहे, जरी त्याचा नायक अमल लहान आहे.

आजारी अमलला वैद्याने खिडक्या-दारे बंद करून घरात ठेवायला सांगितले आहे. तो खिडकीत बसून दहीवाला, पहारेकरी, फुले वेचणारी सुधा यांच्याशी बोलतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो. ठाकुरदा फकिराच्या वेषात येऊन त्याला दूरच्या बेटांच्या गोष्टी सांगतात. गावचा मुखिया कोरा कागद दाखवून थट्टा करतो. शेवटी राजवैद्य येऊन खिडक्या-दारे उघडायला लावतो आणि अमल झोपतो.

अमल मेला, असे नाटक स्पष्ट शब्दांत सांगत नाही. शाळेत हे नाटक करताना शेवट गोड करण्याचा मोह होतो. मुलांना दुःख नको, अशी आपली समजूत. या समजुतीला एक मोठे उत्तर इतिहासात आहे. पोलंडमधील डॉक्टर आणि शिक्षक यानुश कोर्चाक यांनी वॉर्सा घेट्टोमधल्या आपल्या अनाथाश्रमातील यहुदी मुलांकडून हेच नाटक 18 जुलै 1942 रोजी करवून घेतले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नाझींनी त्या सुमारे 200 मुलांना आणि त्यांच्यासोबत कोर्चाक यांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेले. मृत्यू दाराशी असलेल्या मुलांना ज्या शिक्षकाने हे नाटक दिले, त्याने त्याचा शेवट बदलला नाही.

'डाकघर'मधून किशोरवयीन मुलाला जे शिकायचे ते ऐकणे. अमलला फार हालचाल नाही. तो बसून असतो, प्रश्न विचारतो आणि येणाऱ्याचे ऐकतो. घाईत निघालेला दहीवाला त्याच्याशी बोलता बोलता बदलतो, आपल्याच धंद्याकडे नव्या नजरेने पाहू लागतो. मंचावर ओरडायची सवय लागलेल्या मुलाला हे जड जाते. पण समोरचा बोलत असताना आपले वाक्य कधी येईल याची वाट न पाहता त्याचे ऐकणे, हे ज्याला साधले त्याला नाटकाचा अर्धा धडा मिळाला. आणि मुलाखतीच्या खोलीत किंवा घरच्या भांडणात हाच धडा पुढे कामाला येतो.

आग्रा बाजार : आपलीच जबान

चौथी संहिता नववी-दहावीसाठी. हबीब तन्वीर (1923-2009) यांनी 1954 साली दिल्लीत जामिया मिल्लियाचे विद्यार्थी, शिक्षक आणि जवळच्या ओखला गावचे लोक घेऊन हे नाटक उभे केले. विषय नझीर अकबराबादी. पण नझीर मंचावर येतच नाहीत. बाजारात मंदी आहे. एका ककडीवाल्याची ककडी खपत नाही. कुणी आपल्या ककडीवर नज्म लिहून दिली तर माल खपेल, असे त्याला वाटते. कुणी दाद देत नाही. अखेर नझीर लिहून देतात आणि ककडी विकली जाते. एका बाजूला किताबफरोशाचे दुकान, तिथे शिष्ट शायर आणि टीकाकार नझीरला नाके मुरडतात. दुसऱ्या बाजूला पतंगवाल्याचे दुकान, तिथे नझीरचे चाहते.

नझीर स्वतः मुलांना शिकवून पोट भरत, हे आमच्यासारख्या शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावे.

आपल्या वर्गांना हे नाटक दोन कारणांनी जवळचे आहे. पहिले कारण व्यवहारातले. वर्गात साठ मुले असतात आणि नेहमीच्या ड्रामात सहा जणांना काम मिळते. उरलेली चौपन्न टाळ्या वाजवतात. 'आग्रा बाजार'मध्ये नायक नाही, बाजार आहे. लाडूवाला, टरबूजवाला, मदारी, ग्राहक, सगळ्यांना जागा आहे. कोठ्याचे प्रसंग शाळेसाठी सहज वगळता येतात. त्याने बाजार उणा होत नाही.

दुसरे कारण भाषेचे. आपल्या मुलाच्या घरी दखनी असते किंवा कोकणी मुसलमानांची बोली असते. शाळेत किताबी उर्दू, सरकारी कचेरीत मराठी, पुढे महाविद्यालयात इंग्रजी. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी त्याचा तलफ्फुज दुरुस्त करायला बसलेला असतो. हळूहळू ते मूल बोलणेच कमी करते. आपल्या मुलांच्या गप्प राहण्याचे हे एक मोठे कारण आहे, असे आम्हांला वाटते. किताबफरोश आणि पतंगवाला यांच्यातला झगडा तो हाच. कोणती जबान अदबी आणि कोणती बाजारी? हा झगडा मुलांनी खेळून पाहिला तर घरची बोली लाज वाटण्यासारखी नाही, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. आणि किताबफरोशाची नफीस उर्दूही त्यांना बोलून पाहावीच लागते!

मराठीचे काय?

इथे मराठी बालरंगभूमीचा विषय निघतो. 1959 साली सुधा करमरकर यांनी लिटल थिएटर सुरू केले आणि रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' आणले. मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'ने पिढ्या हसवल्या. 1986 पासून डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स नाट्यचळवळीला पुण्यात आणले आणि मुलांच्या रोजच्या अडचणी मोठ्या नटांकरवी मंचावर आल्या. ही परंपरा मोठी आहे. आमच्या पाहण्यात आलेल्या मराठी बालनाट्यांत मात्र सलमा किंवा इम्रान नावाचे मूल क्वचितच भेटले. ही उणीव आम्ही नोंदवतो. पण तक्रार करून थांबत नाही. कारण आपल्याही शाळांनी हा खजिना कधी उघडून पाहिलेला नाही.

उर्दू शाळेतल्या मुलाला मराठीची भीती वाटते ती परीक्षेतल्या मराठीची. चिंची चेटकिणीची मराठी त्याला आवडेल. चेटकीण व्याकरण चुकली तर तिचे गुण कुणी कापत नाही. सहावीच्या वर्गाने 'अलबत्या गलबत्या'तला एखादा प्रवेश मराठीत करावा आणि शेजारच्या मराठी शाळेने 'ईदगाह'चा चिमटा मराठीत वाजवावा. दोन्ही शाळांनी एकमेकींकडे जावे. राष्ट्रीय एकात्मतेवरच्या निबंधापेक्षा हे अधिक टिकेल, अशी आमची धारणा आहे.

आक्षेप

नाटक म्हणजे नाचगाणे, आपल्या मुलींना ते नको, असे म्हणणारे पालक आहेत. त्यांना हसून उडवणे बरोबर नाही. त्यांचा आक्षेप बहुधा मंचाला असतो. रंगरंगोटी, कर्णा आणि अनोळखी नजरा त्यांना नको असतात. आम्ही वर जे सुचवले त्यातले बहुतेक वर्गाच्या चार भिंतींत होते. पोशाख नाही, संगीत नाही, बाहेरचा प्रेक्षक नाही. सातवीनंतर मुलींचा ड्रामा बंद होतो, तो मंचापुरता बंद झाला तरी वर्गात चालू राहू शकतो. आणि नाटक आपल्याला परके आहे असे म्हणणाऱ्यांनी अमानत लखनवींची 'इंदरसभा', आगा हश्र काश्मिरींची नाटके आणि जामियाचे कुलगुरू प्रा. मुहम्मद मुजीब यांचे नाट्यलेखन आठवावे. उर्दूला नाटक उसने आणावे लागलेले नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. पस्तीस मिनिटांची तासिका, पोर्शन पूर्ण करायचा आणि वर शाळाबाह्य कामे. हा आक्षेप खरा आहे. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने नाट्यकलेला शिक्षणात जागा दिली, 2023 च्या आराखड्यानेही दिली. कागदावर जागा आहे, वेळापत्रकात नाही. म्हणून आम्ही वेगळी तासिका मागत नाही. भाषेच्या आठवड्यातल्या तासिकांपैकी एक, महिन्यातून दोनदा, एवढेच मागतो. चार वर्षे हे केले तर तिसरीत खेळणे झालेले मूल सातवीत अब्बू खाँची बाजू मांडेल. आणखी दोन वर्षांनी त्याच्या हाती 'आग्रा बाजार' देता येईल.

सालाना जलसा राहू द्यावा. पालकांना आपले मूल मंचावर पाहायचे असते, त्यांचा हा आनंद हिरावून घेण्याचे कारण नाही. फक्त वर्षभर वर्गात जे चालले त्यातलेच काही त्या दिवशी पुढे यावे आणि शेवटी माइकसमोर येऊन नसीहत करणाऱ्या त्या मुलाला सुटी द्यावी. 'अब्बू खाँ'च्या प्रयोगानंतर निवेदकाने पालकांनाच विचारावे, कोण जिंकले? घरी जाताना रस्त्यात अम्मी एक म्हणेल, अब्बा दुसरे म्हणतील आणि मूल तिसरे. येत्या जलशाची तयारी करणाऱ्या शिक्षक बंधू-भगिनींनी हा प्रयोग एकदा करून पाहावा.